कोरे कान

सात वर्षं मी भाषांतरासाठी परदेशातून आलेल्या हेलेनाबाईंच्या टेबलाशी बसून येशूच्या गोष्टी आमच्या डोंगरातल्या चातिनो भाषेत उतरवल्या. डोळ्यांना चष्मा लागला. आणि कौतुक कुणाचं? माझ्या धाकट्या बहिणीचं, नीकासियाचं!

तिला अक्षर ओळखता येत नाही, आणि देवळातलं पाद्रीबाबांचं स्पॅनिश तर तिच्या डोक्यावरूनच जातं. म्हणूनच बोलावली. आमच्या कामाची रीतच तशी. भाषांतर झालं की ती गोष्ट कधीच न ऐकलेलं माणूस बसवायचं, वाचून दाखवायचं आणि त्याच्या तोंडून परत ऐकायचं, म्हणजे आमचं लिहिलेलं लोकांना कळतं का ते समजतं. अशा माणसाला आम्ही कोरे कान म्हणतो. नीकासिया सांगायची आणि बाई माझी वाक्यं खोडून तिची लिहायच्या. वर म्हणायच्या, किती गोड सांगते ही! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग मीही डाव टाकला. कॉफीच्या तोडणीचे दिवस होते. तीन दिवस मुद्दाम तिच्याच ओळीत शिरले आणि तोडता तोडता उरलेल्या सगळ्या गोष्टी तिला सांगून टाकल्या. एकदा ऐकलेलं माणूस तपासणीला चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती वेडी टोपली भरायची विसरून ऐकत राहिली.

सोमवारी बाईंनी नेहमीप्रमाणे तिला विचारलं, ही गोष्ट आधी ऐकली आहेस का? नीकासियानं खुशीत सांगितलं, हो, ताईनं सगळ्याच सांगितल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच कागद सारखे करत बसले. मग बाई तिला हळूच म्हणाल्या, आता दुसरं कुणी शोधावं लागेल, तू उद्यापासून येऊ नकोस. झालं माझ्या मनासारखं.

अंगणात ती डोक्यावर शाल घेत होती. भांडेल म्हणून मी तयारीतच गेले.

"वाईट वाटलं का गं?"

"वाटलं ना. त्या खुर्चीत बसलं की माझं कुणीतरी ऐकायचं." मग ती हसली. "पण ताई, आई गेल्यापासून तू माझ्याशी सलग तीन दिवस कधी बोलली होतीस? उद्या येशील ना तोडणीला? गोष्टी संपल्या असल्या तरी चालेल."

हो म्हणायच्या आधी तिला सांगावं लागणार होतं, ते तीन दिवस मी कशासाठी बोलले ते.