भाकरीच्या मापाची स्टेपनी

मित्रांनो, मी आज जे सांगणार आहे, त्यावर अख्ख्या पिंगळी गावात कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. फक्त सायकलीत हवा भरून होईपर्यंत ऐका.

मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या डिकीत असतं ते पाचवं चाक. सध्या मुक्काम नागेशच्या पंक्चरच्या दुकानापुढे, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेली. रस्त्यानं ट्रक गेला की मी हलते. ट्रॅक्टर गेला की हलते. काहीच गेलं नाही, तरी कुणी येतंय का हे बघायला हलते. माझ्या टायरवर रबराची बारीक लव दिसते ना? ती म्हातारपणाची. फार पळालेल्या चाकांना येते.

कारखान्यात मला चार भोकं पाडली. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. हा माझा जन्माचा आकडा, तो कधी बदलत नाही. मग मला काळा रंग दिला, टायर चढवला आणि एका निळ्या गाडीच्या डिकीत ढकललं. माझ्या अंगावर कांद्याची पोती बसली, लग्नाची पातेली बसली, एकदा तर शेळी बसली. खालून रस्ता पळायचा आणि माझ्या अंगात नुसत्या मुंग्या यायच्या. पुढे गाडी भंगारात गेली, मी या झाडावर आले. "नवीच हाय की!" असं म्हणून गिऱ्हाईक मला थोपटतं आणि दुसरंच चाक घेऊन जातं.

पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काय झालं, ते ऐका.

शेजारच्या खेड्यातले तात्याराव आपल्या मुलीला, प्रियांकाला, पोलीस भरतीसाठी परभणीला नेत होते. नऊला मैदानाचं फाटक बंद होणार. वयात बसेल अशी तिची ती शेवटचीच भरती. या दुकानाच्या मैलभर अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि पुढचं चाक फाटून रिम दुमडली. त्यांची स्वतःची स्टेपनी? ती घरी, बाभळीला झोका करून बांधलेली!

दुसरं चाक आणायचं तर माप हवं. टेप कुणाकडे? प्रियांकाची आजी कडूबाई गाडीतच होती. तिनं फडक्यातली ताजी भाकरी काढली. "ही घ्या टेप," म्हणाली आणि चाक ज्यावर बसतं त्या उघड्या हबवर भाकरी दाबली. चार बोल्ट, चार भोकं. ती भाकरी छातीशी धरून तात्याराव कुणाच्या तरी मोटरसायकलवरून दुकानात आले. वाटेत ऊन आणि वारा लागून भाकरी कडक झाली होती. त्यांनी ती माझ्यावर ठेवली. भोकावर भोक! माझा तर आनंद तारेत मावेना.

नागेशनं मात्र लोखंडी पट्टी काढली.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "तात्या, तुमच्या गाडीला शंभर लागतंय."

"आरं, भाकरी बसली की!"

"भाकरी वाळली की आक्रसती. हब न्हाई आक्रसत."

"दोन मिलिमीटरनं काय होतंय? ज्वारीचा दाणा त्याहून मोठा हाय. चार भोकं, चार बोल्ट. आवळ अन् दे! साडेआठ वाजायलेत."

"आवळंल की. पण नट तिरपे बसतील अन् चाक लटपटायला लागंल. मधलं भोकबी हबवर बसतंय का बघावं लागतंय. अन् तात्या, पोरगी गाडीत हाय ना तुमची?"

तात्याराव भाकरी पुन्हा छातीशी धरून रस्त्याकडे बघायला लागले. मित्रांनो, मला ते बघवेना. मी डोळे मिटले, उन्हाकडे तोंड केलं आणि अंग ताणलं. असं ताणलं, असं ताणलं की लिंबाची पानं गळाली! नागेशनं पुन्हा पट्टी लावली. बरोब्बर शंभर! मग मला नेऊन गाडीला बसवलं. नट बोटानं फिरवले तरी सरळ आत जात होते. आणि मी जी सुटले, ती परभणीच्या मैदानावरच थांबले. फाटक बंद व्हायला एक मिनिट होतं!

म्हणून सांगते मित्रांनो, चाक घेताना नुसती भोकं मोजू नका, त्यांच्यातलं अंतर मोजा. मधलं भोक बघा. नट आधी हातानं फिरवून बघा. आणि वर्षातून एकदा तरी आपल्या स्टेपनीला डिकीतून बाहेर काढा, तिला वारा दाखवा. प्रत्येकीला काही माझ्यासारखं अंग ताणता येत नाही...

"म्हातारे, किती फेकतीस गं!"

खाकी वर्दीतली एक बाई स्कूटीत हवा भरायला थांबली होती. तिनं हात लावून माझं हलणं थांबवलं.

"पळालेल्या टायरची लव झडती, उगवत न्हाई. अन् तुझ्या चारी भोकांत कारखान्याचा रंग तसाच हाय. एक नट सुदीक लागला न्हाई तुला. त्या दिवशी नागेशभाऊनं सोताची गाडी विटांवर उभी केली अन् तिचं चाक काढून दिलं आमाला. तू बसत न्हाईस हे त्यानं मोजून सांगितलं, म्हणून मी धड पोचले."