पलीकडचा हात

पत्रा घडीवर आला आणि टक् करून तडकला.

शिंपीणबाईंनी हातोडी खाली ठेवली. तुकडा पुन्हा वाया गेला होता. खिडकीजवळच्या पलंगावरून नवरा म्हणाला, "गेला ना? मी म्हटलं होतं, सुई धरणाऱ्या हातांनी हातोडी धरू नये."

"म्हटलं नव्हतंत. आत्ता म्हणताय," बाई म्हणाल्या.

नवरा वायरमन. खांबावरून पडला, त्याला दोन वर्षं होत आली. जीव वाचला, पण एक पाय गुडघ्यात वाकेनासा झाला आणि दुसऱ्यात जोर उरला नाही. एकदा रिक्षात बसवलं, तर ताठ पाय रस्त्यावर आलेला. "लोकांना वाटतं, ओंडका चाललाय," म्हणून त्याने जे घर धरलं ते धरलंच. पाय लांब सोडून बसता येईल अशी साइडकार बाजारात मिळेना. तेव्हा बाईंनी चाकांचा सांगाडा वेल्डरकडून करवून घेतला, स्कूटरला जोडला आणि त्यावरची ॲल्युमिनियमची पेटी स्वतः करायची ठरवली. उभा जन्म लोकांच्या मापाचं बेतण्यात गेला होता. हेही एक मापच.

तडकलेला तुकडा घेऊन त्या पत्रेवाल्या काकांकडे गेल्या. काकांनी बसच्या बॉड्या ठोकण्यात आयुष्य काढलं होतं आणि त्या नादात कान घालवले होते.

"कापड समजून दुमडलंस!" ते ओरडून म्हणाले. बहिऱ्याला सगळेच बहिरे वाटतात. "ज्या लोखंडावर पत्रा वाकवतेस, त्याची धार आधी कानशीने गोल कर. आणि ही घडीची खूण कशाने ओढलीस?"

"खिळ्याने," बाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"ओरखडा म्हणजे तड्याला आवतण! शाईने ओढ. आणि एका दणक्यात वाकवू नकोस. या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं. रुसलेल्या माणसाला वळवतात तसं."

"त्याची सवय आहे मला," बाई म्हणाल्या. काकांना ते ऐकू गेलं नाही.

पुढची घडी तडकली नाही. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं, आणि कोणी बघत नाही असं पाहून पत्र्याला चक्क थोपटलं. हळूहळू चारी बाजू वळल्या. काकांच्या सांगण्यावरून त्यांनी भोकं पाडली आणि एक सोडून एक भोकात बोल्ट घालून पेटी तात्पुरती उभी केली. "म्हणजे कच्ची शिवण," बाई म्हणाल्या.

खरी गाडी अडली ती पक्क्या शिवणीवर, म्हणजे रिव्हेटवर. अलीकडून हातोडी मारायची, तर पलीकडून रिव्हेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा घट्ट टेकलेला हवा. "दोन माणसांचं काम आहे, मी रोज येणार नाही," काकांनी बजावलं होतं. बाईंनी ठोकळा गुडघ्याने दाबून पाहिला. रिव्हेट आडवे झोपले.

"ठोकळा तिरका होतोय!" पलंगावरून आवाज आला.

"मग तुम्ही धरा."

 बाई मान वर न करता वाकडा रिव्हेट काढत राहिल्या. मग मागे काठीचा आवाज आला, धापा टाकल्याचा आवाज आला, आणि पेटीच्या काठाला नवऱ्याचा हात दिसला.

त्याला आत बसवताना दोघांना घाम फुटला. पण एकदा बसला आणि पाय लांब सोडला, तेव्हा टाच पुढच्या पत्र्याच्या बोटभर अलीकडे राहिली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मापात आहे," तो म्हणाला.

"मग? शिंपीण आहे मी."

त्याने आतून ठोकळा टेकवला. "हं. मार."

बाईंनी मारलं. रिव्हेटचं तोंड शर्टाच्या बटणासारखं गोल बसलं. दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा जरा कलला, बाई पुढे सरकणार, तोच आतून हुकूम आला, "तो काढ. गिऱ्हाइकाच्या कॉलरला असला टाका घातला असतास का?"

त्या दिवसापासून दुपारी शिलाई मशीन बंद आणि ठोकाठोक चालू. शेजारीण तक्रार करायला म्हणून आली आणि चहा पिऊन, पत्र्याचा चकचकीत काठ हाताने चाचपून गेली.

काका तपासायला आले. त्यांनी डोळे मिटून रिव्हेटच्या रांगांवरून तळहात फिरवला, मग पेटीत उभं राहून दणादणा पाय आपटले. काही करकरलं नाही. "पलीकडून कोणी धरलं?" त्यांनी विचारलं. बाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "वायरमन ना रे तू? वाया गेलास! आमच्यात यायला हवं होतंस!" काका गल्लीभर ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले. नवऱ्याने मान खाली घातली, पण हसू लपेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी सांगाड्यावर चढवून बाईंनी नवऱ्याला आत बसवलं आणि स्कूटर सुरू केली. गल्लीतले खड्डे आले, चढ आला. पेटी सांगाड्यावर पक्की बसून राहिली. "कुठे घेऊ?" बाईंनी विचारलं.

"केस कापायला. दोन वर्षं तुझ्या कात्रीखाली काढली. आता माणसासारखे कापून घेतो."

सलूनच्या दारात चौघे थांबले होते. न्हावी धावत बाहेर आला. "दादा, तुम्ही! या, तुमचं आधी करतो."

"का? हे काय केस वाढवायला बसलेत?" साइडकारमधून पाय ताणत तो म्हणाला. "माझा नंबर आला की हाक मार."

बाई म्हणाल्या, "अहो, मी तोवर दोरे घेऊन येते." त्याने नुसतं हूं केलं. बाकावरच्या एकाने पेपराचं पान त्याच्याकडे सरकवलं आणि दोघांत कशावरून तरी वाद जुंपला. कोपऱ्यावर पोचल्यावर बाईंनी वळून पाहिलं. तो हातवारे करून बोलत होता. बायको कुठे गेली, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

बाई सावकाश दोरे निवडायला गेल्या.