दोन्हीकडे टाचण्या

दुरुस्तीवाल्याने प्रोसेसर चिमटीत धरून दिव्याखाली उलटा केला, मग टेबलावरच्या उघड्या लॅपटॉपमध्ये वाकून बघितलं.

"हा यात बसणार नाही."

"बसवा की," धाकटा म्हणाला. "नवाकोरा आहे."

"याच्या पोटाला टाचण्या, बोर्डाच्या खाचेतही टाचण्याच. एका बाजूला तरी भोकं हवीत ना साहेब. कंपन्याच वेगळ्या आहेत."

काउंटरजवळ स्टुलावर बसलेल्या आईने मांडीवरची पिशवी सारखी केली.

"आई, त्याला विचार," धाकटा म्हणाला, "बोर्ड घेताना मला विचारलं होतं का?"

"आई, त्याला सांग," हातभर अंतरावर उभा असलेला थोरला म्हणाला, "आधी बोर्ड बघायचा, मग त्यात बसेल तो प्रोसेसर घ्यायचा. शेंबड्या पोरालाही कळतं."

"ऐकलंत ना दोघांनी?" आई म्हणाली. तिचं काम तेवढंच होतं.

दूर परदेशात तिच्या लेकीला मुलगी झाली होती. नातीचं तोंड जरा मोठ्या पडद्यावर बघावं, एवढंच तिने मागितलं होतं. पण वडील गेल्यापासून भावांनी सगळ्याची वाटणी केली होती. मिक्सर थोरल्याकडे गेला, त्याची भांडी धाकट्याकडे; तेव्हापासून कुणाच्याच घरी काही बारीक होत नव्हतं. आई पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. तयार लॅपटॉप घेतला तर तो शेवटी कुणाचा, यावर घोडं अडलं. मग घरीच जोडायचा लॅपटॉप ठरला. सांगाडा, पडदा, बोर्ड थोरल्याचा. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी धाकट्याची. गरज संपली की ज्याने त्याने आपापलं काढून न्यायचं. हे आईसमोरच ठरलं. तेव्हा सगळ्यांना चहा तिनेच दिला होता.

"कुणीतरी एकाने बदलून आणा," दुरुस्तीवाला म्हणाला. "बिल असेल तर दुकानदार घेईल परत."

"त्याने बदलावा," थोरला म्हणाला.

"म्हणजे चूक माझी?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

आईने मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते मधे तिला न घालता बोलत होते.

"बाहेर जाऊन भांडा," दुरुस्तीवाला म्हणाला. "इथे बारीक स्क्रू आहेत, हरवले तर मला रांगावं लागतं."

दोघं बाहेर गेले. काचेचं दार लागलं तसा आवाज गेला, नुसते हात दिसायला लागले. दुरुस्तीवाल्याने स्वतःचा लॅपटॉप आईकडे फिरवला.

"लेकीचा नंबर आहे?"

"पाठ आहे."

पडद्यावर आधी छत दिसलं, मग लेक, मग दुपट्यात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड. त्याने जांभई दिली. आईनेही नकळत आ केला.

"झाला का गं लॅपटॉप? किती स्वच्छ दिसतेयस."

"झाला."

"आणि दादा लोक?"

आईने काचेकडे बघितलं. थोरल्याने धाकट्याच्या हातातला प्रोसेसरचा रिकामा डबा हिसकावला होता, धाकट्याने थोरल्याची कॉलर धरली होती.

"बाहेर आहेत. बोलतायत एकमेकांशी."

"खरंच?" लेकीने विचारलं. तिने बाळालाच पडद्याच्या अगदी जवळ आणलं.

बाळ झोपलं, बोलणं संपलं. आई उठली नाही. पिशवी खाली ठेवून तिने स्टूल काउंटरच्या आणखी जवळ ओढलं.

"ते बदलून आणतील," ती हळूच म्हणाली. "आणला तर या वेळीही बसत नाही म्हणा."

दुरुस्तीवाल्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आणि पुढच्या वेळीही?"

"तुम्हाला माझा त्रास नसेल तर."

त्याने खाचेवर झाकण लावलं आणि सुटे स्क्रू एका वाटीत भरून वाटी तिच्यासमोर सरकवली.

"बसल्या बसल्या लहान-मोठे वेगळे करा तेवढे."