साठ, पन्नास, पस्तीस

मीटरवाल्याला आकड्यांची भीती कधी वाटली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत अकरा वर्षं घरोघरी मीटर वाचत फिरलेला माणूस तो. धुळकट काचेचा असो, उलटा बसवलेला असो, निम्मा चिखलात रुतलेला असो, आकडा तो एका नजरेत उचलायचा. पण त्या सकाळी, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या काचेला नाक लावून उभा असताना, एका साध्या दोन अंकी आकड्याने त्याची पाचावर धारण बसली होती.

काचेपलीकडे, उबदार पेटीत त्याची मुलगी होती. दोन महिने आधी आलेली, तेराशे ग्रॅमची. पहाटे जन्मली तेव्हा रडली चांगली, पण मग प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या आणि कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी चालता चालताच समजावलं होतं.

"फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. त्यांना आतून एक पातळ थर लागतो. तो नसला तर श्वास सोडला की फुगे मिटतात आणि चिकटून बसतात. हा थर शेवटच्या महिन्यांत तयार होतो, हिचा पुरेसा झालेलाच नाही. तो आपण बाहेरून देणार, नळीतून, थेट फुप्फुसात."

"बाहेरून म्हणजे कुठून आणता?"

"जनावराच्या फुप्फुसातून काढून शुद्ध केलेला असतो. इथे सही करा. आणि ऑक्सिजन नव्वदच्या वर राहिला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा."

त्याने सही केली आणि बाकी सगळं विसरून नव्वद तेवढा लक्षात ठेवला.

मग त्याने काचेतून पाहिलं. सिस्टरने फ्रिजमधून एक इवलीशी बाटली काढली आणि कितीतरी वेळ नुसती मुठीत धरून ठेवली, थंडगार अंडं ऊब देऊन धरावं तशी. आत दुधासारखं काहीतरी होतं. डॉक्टरीणबाई पेटीवर वाकल्या, एक केसासारखी नळी आत गेली, दोन-तीन मिनिटांत बाहेर आली. झालं. एवढंच?

आता आकडा. खिडकीकडे तोंड केलेलं एकच यंत्र होतं. त्यावर 'ऑक्सिजन' असं लिहिलं होतं आणि खाली साठ.

त्याने खालच्या वॉर्डात बायकोला फोन लावला.

"किती?" तिने विचारलं.

"साठ."

"आणि पाहिजे किती?"

"नव्वद. चढेल गं, औषध आत्ताच दिलंय."

अर्ध्या तासाने पन्नास झाला. मग सिस्टर आली, यंत्राच्या बटणाला हात घातला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आकडा पंचेचाळीसवर आला. वर ती हसली!

"हसतेय कसली?" तो पुटपुटला. दारावरची आया म्हणाली, "दादा, बसा जरा. आत राऊंड चालू आहे, कुणाला सोडत नाहीत."

चाळीस. पस्तीस. त्याच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. आशा सोडली का यांनी? हिचा ऑक्सिजन दुसऱ्या कुणाला लागतोय का? आणि बायकोला काय सांगायचं? अकरा वर्षांत एकदाही त्याने घरबसल्या मनाने आकडा टाकला नव्हता. फोन वाजला तेव्हा खोटं काही निघेना.

"पस्तीस," तो म्हणाला.

पलीकडे खाट करकरली. मग, "मी येतेय."

"अगं, टाके ओले आहेत तुझे!"

"राहू देत टाके."

वॉर्डातल्या मावशींनी चाकांच्या खुर्चीतून तिला आणलं. ओठ पांढरे पडले होते. "कुठाय तुमचा आकडा?"

त्याने बोट दाखवलं. तेवढ्यात सिस्टरने पुन्हा बटण फिरवलं. तीस.

"अहो, तो आकडा ती फिरवतेय."

"तेच तर केव्हाचं सांगतोय!"

"तुम्ही कधी कुणाचा मीटर हाताने फिरवलात का?"

"वेड लागलंय का? नोकरी जाईल."

"मग तो मीटर नाही. तो नळ आहे."

त्याचं डोकं भंजाळलं. तिचं पटत होतं, आणि पटलं तर मग सगळी सकाळ कुठे ठेवायची तेही समजत नव्हतं. दार उघडून सिस्टर बाहेर आली तसा तो पुढे झाला.

"सिस्टर, ऑक्सिजन तीसवर आणलात?"

"हो ना! पोरीने कमालच केली. तो आकडा म्हणजे आपण तिला किती देतोय तो. तिच्या रक्तात किती आहे ते पलीकडच्या पडद्यावर दिसतं, ते आहे चौऱ्याण्णव. फुगे उघडे राहायला लागले, म्हणून आपल्याकडून कमी लागतोय. साध्या हवेत एकवीस असतो. तिथवर आलो की मोठं काम झालं."

"म्हणजे हा कमी चांगला?"

"हा कमी चांगला, तो जास्त चांगला. पण पंच्याण्णवच्या वर नको, इतक्या लहान बाळांच्या डोळ्यांना धोका असतो."

"जास्त चांगला, पण जास्त नको."

"बरोबर," सिस्टर म्हणाली. त्याला काहीच बरोबर वाटलं नाही.

बायकोने सरळ विचारलं, "वाचली ना?"

सिस्टरने वळून काचेतून आत पाहिलं. "आत्ता बरी आहे. उद्याचा दिवस बघावा लागेल. कदाचित आणखी एक डोस लागेल. चला, हात कोपरापर्यंत धुवा, दोन मिनिटं आत या."

पेटीजवळ गेल्यावर बायकोने यंत्रांकडे पाहिलंही नाही. पोरीची छाती सारखी वरखाली होत होती. बरगड्या आत जात नव्हत्या, कण्हणंही थांबलं होतं. इतक्यात काहीतरी टुंटुं वाजलं, सिस्टरने पेटीत हात घालून पोरीच्या तळव्याला टिचकी मारली आणि बटण बत्तीसवर नेलं.

बायकोने त्याचं मनगट पकडलं. "अहो, वाढवला! वाईट का?"

त्याने या पडद्याकडे पाहिलं, त्या पडद्याकडे पाहिलं. "मला नाही कळत गं," तो म्हणाला.

"झोपेत श्वास घ्यायला विसरली," सिस्टर म्हणाली. "असं करतात ही."

विसरली? श्वास?

मग दोघांनी ठरवल्यासारखे मनातल्या मनात पोरीचे श्वास मोजायला घेतले. ते फार भराभर येत होते. काही वेळाने त्याने बायकोला विचारलं, तिचे एक्केचाळीस झाले होते आणि त्याचे सदतीस. कोण चुकलं ते काही केल्या ठरेना, आणि तोवर पोर आणखी चार-पाच श्वास घेऊन पुढे गेली होती.