परतीची विमानं

चित्रपटांचं संकलन करण्यात एका बाईचा हात इतका तयार होता, की दिग्दर्शकसुद्धा तिच्यापुढे ब्र काढत नसे. आज मात्र तिचीच पाचावर धारण बसली होती. तिचा युद्धपट पाहायला संकलनाच्या खोलीत तिची आत्या आली होती. पूल उडवायला सात विमानं गेली आणि पाचच परतली, ही खरी गोष्ट त्यात होती. न आलेल्या दोनांपैकी एकात आत्याचा थोरला भाऊ, म्हणजे या बाईचा काका, होता. आत्या तेव्हा त्याच लष्करी विमानतळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. चाळीस वर्षं तिने त्याचा विषय काढू दिला नव्हता. "हे असंच होतं," एवढं तिने म्हणावं, म्हणजे आपण सुटलो, असं भाचीला वाटत होतं.

"इतके गोरेगोमटे नव्हते गं कुणी," आत्या पडद्यावरच्या वैमानिकांकडे बघत म्हणाली. "आणि बूट बघ, जसे काही लग्नालाच निघालेत!"

पूल उडाला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मग ढगांतून विमानं परतू लागली, तशी ती बोटांवर मोजू लागली.

"पाच... सहा... सात. अगं, सातही आली की!"

परतीच्या चित्रीकरणाला हवेने दगा दिला, म्हणून भाचीने जातानाचंच दृश्य डावीकडचं उजवीकडे फिरवून परतीला लावलं होतं. धंद्यातली नेहमीची युक्ती. ढग तपासले, ऊन तपासलं, आणि विमानं मोजायचीच राहिली!

सारवासारव करता आली असती, पण आत्यापुढे तिची जीभ रेटेना.

"आत्या, चुकलं गं माझं. ती जातानाचीच विमानं आहेत. उद्या दोन पुसून टाकते."

"पुस," आत्या म्हणाली. "लोकांना खोटं नको दाखवूस. भांडी तशीच टाकून मी मैदानात धावले होते. पाच मोजली. नंतर नुसतीच उभी राहिले. दादाचं ताट झाकून ठेवलं होतं गं मी."

यंत्र बंद करायला भाचीने हात पुढे केला, तसं आत्याने तिचं मनगट धरलं.

"उद्या पुसणार ना? मग आज परत एकदा लाव."

भाचीने लावलं. आत्या मोजत गेली. पाचाला अडखळली. सहाला पडद्यापाशी सरकली. सातव्याला "आला," एवढंच म्हणाली, आणि चाळीस वर्षांनी भावासाठी पोटभर रडली.