निळ्या फुलांच्या पाठीवरचा सरदार

मी भिंतीचा कागद आहे, पण भिंतीवर मी कधी लागलोच नाही. कॅनडात, ओकव्हिलमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, टेबल टेनिसच्या जुन्या टेबलावर मी असतो. माझ्या एका अंगावर निळी फुलं छापलेली आहेत. दुसऱ्या अंगावर सहाशे वर्षं लिहिलेली आहेत. ती माझ्यावर कशी आली ते सांगतो. मला स्वतःलाच ते अजून पुरतं खरं वाटत नाही.

१९७९ साली मला दुकानातून आणलं. घरमालक जेफ्री ऑर्मली रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यांना मुलगी झाली होती, हेदर. तिच्या खोलीला चार गुंडाळ्या पुरतील हे त्यांनी दोनदा मोजलं आणि तरी पाच आणल्या. पाचवा मी. माझी भावंडं वर गेली, हेदरच्या उशाशी राहिली, आणि ती मोठी झाल्यावर खरवडून काढली गेली. मी बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे उभा राहिलो. छत्तीस वर्षं.

२०१५च्या शरद ऋतूत बेसमेंटमध्ये नागपूरचं कुटुंब भाड्याने आलं. उन्मेष रोज ‘गो’ नावाच्या लोकल ट्रेनने टोरोंटोला कामाला जायचा. मुलगी गुंजन शाळेत जायची. शुभदा घरी असायची. तिने नागपुरात एकोणीस वर्षं भूमिअभिलेख कार्यालयात जमिनींच्या वारसनोंदी तपासल्या होत्या. इथे तिने ज्या ज्या ठिकाणी अप्लाय केलं, तिथे कोणाला त्या एकोणीस वर्षांचं काय करावं ते कळलं नाही.

एके सकाळी ती कपडे धुवायला मशीनपाशी आली, तर जेफ्री भिंग घेऊन एका कागदावर वाकले होते.

“मिस्टर ऑर्मली, कागद उलटा आहे.”

ते हसले नाहीत. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला होता. जे बघायला जावं तेच पुसलं जायचं. अजून दोन-तीन वर्षं कडेकडेने दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

“तुला वाचता येतंय हे?”

शुभदाने कागद सुलटा केला. “अक्षर गिचमिड आहे. पण आमच्या तलाठ्यांपेक्षा बरं.”

जेफ्रींचे आजोबा त्यांना सांगायचे, आपण सर रॉजर डी ऑर्मली नावाच्या सरदाराचे वंशज. इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती आडवी झोपलेली आहे. ते खरं की आजोबांची गोष्ट, एवढंच जेफ्रींना जाणून घ्यायचं होतं. आणि खरं असेल, तर डोळे आहेत तोवर त्या मूर्तीपुढे उभं राहायचं होतं.

एवढा मोठा वंशवृक्ष काढायला लांब कागद हवा होता. जेफ्रींनी मला फर्नेसमागून ओढलं, टेबलावर उपडं केलं, आणि माझी कोरी पाठ पहिल्यांदा उजेडात आली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी काम चालायचं. कॉम्प्युटरवर जुन्या चर्चवह्यांची पानं उघडायची, शुभदा वाचायची, जेफ्री पट्टी लावून चौकोन आखायचे. शुभदाचा नियम कचेरीतला होता: नाव आधी पेन्सिलीने, दोन पुरावे मिळाले की शाईने. आणि शाईचं काही चुकलं तर खोडरबर नाही. एक लाल रेघ, शेजारी सही.

वर्षभराने ती त्यांना जेफकाका म्हणू लागली.

“हे ‘काका’ म्हणजे ‘सर’च्या वर की खाली?” त्यांनी विचारलं.

“बरंच वर,” शुभदा म्हणाली. “सर कोणीही होतो. काकाला घरचा चहा मिळतो.”

ती नावं माझ्या अंगावर उमटत होती तेव्हा मला काय वाटायचं ते कसं सांगू? एक माणूस म्हणजे तीन तारखा. जन्म, लग्न, दफन. आणि त्यांपैकी एक जरी माणूस लहानपणी तापाने गेला असता, तर हा पट्टी धरलेला हात या टेबलावर नसता. मी झाडाच्या लगद्यापासून झालेलो. झाडाला वाटतं, मुळं आपल्यालाच असतात.

काम अडलं ते थॉमसपाशी. थॉमस एडवर्ड ऑर्मली, जन्म १७९६. त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचं पान ओल लागून गेलं होतं. पण त्याच गावात एडवर्ड ऑर्मली नावाचा मोठा जमीनदार होता, आणि त्याचा वंश थेट सर रॉजरपर्यंत नोंदलेला होता.

“मिळाला!” शुभदा एकटीच होती, मराठीत बोलली. “बापाचं नाव मधेच तर लिहिलंय. थॉमस एडवर्ड ऑर्मली. आणखी काय पाहिजे?”

तिने थॉमसला एडवर्डचा मुलगा म्हणून शाईने लिहिलं. दुसरा पुरावा न घेता. एकोणीस वर्षं ती मधल्या नावावरून वारस ओळखत आली होती. मलाही त्यात काही खटकलं नाही. मी तर कागद.

जेफ्रींनी त्या दिवशी बोटाने सगळी रेघ वरपर्यंत चाचपली. मग वर जाऊन हेदरला एडमंटनला फोन केला. दोघांची २०१८च्या मे महिन्याची इंग्लंडची तिकिटं काढली.

फेब्रुवारीत गुंजनचा शाळेचा फॉर्म टेबलावर पडला होता. जेफ्रींनी तो डोळ्यांच्या कडेने वाचला.

“हिचं मधलं नाव उन्मेष? ते तर हिच्या बापाचं.”

“मग? ते बापाचंच असतं,” शुभदा म्हणाली.

“काका, इट्स अ होल सिस्टिम,” गुंजन कोपऱ्यातून म्हणाली. “डोन्ट इव्हन आस्क.”

जेफ्री खदखदून हसले. “म्हणजे तुमच्या हिशेबाने माझा बाप आर्थर! माझं मधलं नाव आर्थर आहे. आईला आवडलं म्हणून ठेवलं. माझे वडील विल्यम, ते तर इथे लिहिलेत.”

शुभदा हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मधोमध, थॉमसच्या चौकोनाकडे.

दुपारभर ती दफनाच्या नोंदी उलगडत होती. एडवर्ड ऑर्मली, मृत्यू १७८९. थॉमसच्या जन्माच्या सात वर्षं आधी.

उन्मेष घरी आल्यावर ती म्हणाली, “माझ्यामुळे तो म्हातारा दुसऱ्याच कोणाच्या तरी पूर्वजापुढे जाऊन उभा राहणार.”

“मग सांगून टाक ना. तिकिटं कॅन्सल होतील, एवढंच.”

“एवढंच नाही रे. पुढच्या वर्षी त्यांना दिसणार नाही.”

सकाळी ती वर गेली नाही. जेफ्रींनाच खाली बोलावलं आणि माझ्यासमोर उभं राहून सांगितलं. “जेफकाका, चूक माझी आहे. एडवर्ड थॉमसचा बाप नाही.” मग लाल पेनाने माझ्या मधून एक रेघ ओढली आणि शेजारी सही केली. वर सर रॉजर राहिला, खाली जेफ्री. मध्ये ती रेघ. कागदाला दुखत नाही म्हणतात.

जेफ्री रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “तुझी सही बरोबर जागी आहे का? मला दिसत नाही.”

“हो.”

“मग झालं. हेदरला मी कळवतो.”

“दोन आठवडे थांबा,” शुभदा म्हणाली. गावच्या वहीची एक नक्कल दरवर्षी धर्मखात्याच्या मोठ्या कचेरीत जमा व्हायची, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. तिच्या कचेरीतही असंच होतं. तिने नक्कल मागवली. बाराव्या दिवशी ती आली: थॉमस एडवर्ड, जॉन ऑर्मली आणि त्याची बायको सुसॅना यांचा मुलगा. जॉनचा धंदा, गाड्यांची चाकं बनवणं.

“चाकं,” जेफ्री म्हणाले. “आणि मी जन्मभर रेल्वेत. बरा आहे की हा पूर्वज.” पण आवाज उतरलेला होता. जॉनच्या मागे कोणाचीच नोंद नव्हती.

शुभदा मात्र सुसॅनाकडे बघत होती. आत्तापर्यंत बायकांना आम्ही चौकोन दिला नव्हता. पुरुषाच्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत एक नाव, बस.

“आमच्याकडे श्राद्धात बापाच्या तीन पिढ्यांची नावं घेतात,” ती हळू बोलली. “पण त्यांच्यानंतर आईच्या वडिलांचंही घेतात. मी ते विसरले.”

तिने जॉनच्या लग्नाची नोंद काढली. वाचली. पुन्हा वाचली. वर आणि वधू, दोघांचंही आडनाव ऑर्मली. सुसॅनाचं ते सासरचं नाव असणार, असंच शुभदा धरून चालली होती. आपल्याकडे एकाच आडनावात मुलगी कोण देतं? पण ते तिचं माहेरचंही होतं. आणि जमीनदार एडवर्डच्या मृत्युपत्रात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: चाकं करणाऱ्या जॉनशी माझ्या मर्जीविरुद्ध लग्न करणारी माझी मुलगी सुसॅना, हिला माझं बायबल, बाकी काही नाही.

शुभदाने ते मोठ्याने वाचलं. बापाने दारातून काढलेली मुलगी. बाप गेल्यावर सात वर्षांनी तिला मुलगा झाला, आणि तिने त्याच्या नावात बापाचं नाव ठेवलं.

त्या दिवशी जेफ्रींनी पट्टी मागितली. त्यांनी स्वतः माझ्यावर चौकोन आखला. एडवर्ड आणि थॉमसच्या मधे, बाईसाठी आखलेला पहिला चौकोन. शुभदाने त्यात शाईने नाव लिहिलं. दोन पुरावे घेऊन.

मे महिन्यात नळकांड्यात बसून मी समुद्र ओलांडला. त्या खेड्यातल्या थंड चर्चमध्ये हेदरने मला फरशीवर उलगडलं. माझं वरचं टोक त्या दगडी चौथऱ्याला टेकलं. सर रॉजरचं नाक तुटलेलं होतं, पायाशी एक दगडी कुत्रा होता. जेफ्री गुडघ्यांवर बसले. त्यांनी मूर्तीकडे सरळ पाहिलं नाही. मान वळवून कडेने पाहिलं, मग डोळे मिटून तिच्या हातावर हात ठेवला. सहाशे वर्षांच्या दोन टोकांमध्ये मी पसरलेलो होतो आणि मला वाटत होतं, आता मी फाटणार.

“वाच,” ते हेदरला म्हणाले. “खालून वर. सुसॅनापाशी थांब.”

हेदर वाचत गेली. सुसॅनापाशी थांबली. वाकून नाव बघताना तिच्या हाताने माझी कड उलटली, आणि निळी फुलं दिसली.

“डॅड,” ती म्हणाली, “हा माझ्या खोलीचा कागद आहे.”

आता २०१९ आहे. जेफ्रींना अक्षरं दिसत नाहीत. मंगळवारी ते खाली येतात, शाईवरून बोट फिरवतात, चहा पितात. शुभदाला शहराच्या अभिलेखागारात नोकरी लागली आहे. माझा बराच भाग अजून कोरा आहे, आणि जेफ्रींनी तो तिला दिला. तिने तिथे स्वतःची माणसं लिहायला घेतली. वडील, आजोबा, पणजोबा, झरझर आले. मग तिने नागपूरला माधवीमावशीला फोन लावून आईच्या आजीचं नाव विचारलं.

“नाव? अगं, तिला सगळे बाईच म्हणायचे,” मावशी म्हणाली. “थांब, घरातले सगळ्यांत थोरले भाऊसाहेब आहेत, त्यांना विचारते. त्यांना ठाऊक असेल तर असेल. पण त्यांना आता ऐकू येत नाही.”

तो चौकोन पेन्सिलीने आखून ठेवला आहे. आत काही नाही. तुमच्याही घरी असा एक चौकोन असेल, तर आजच कोणाला तरी विचारा. मी थांबू शकतो, मला फर्नेसमागे छत्तीस वर्षं उभं राहायची सवय आहे. सांगणारी माणसं तेवढी थांबत नाहीत.