चार दिवसांची खोली

विजयमाला माहेरी आली तेव्हा तिच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर होतं आणि उजव्या हातात सात वर्षांच्या छकुलीचा हात. सामान म्हणजे एक कापडी पिशवी. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. निमगाव केतकीच्या फाट्यावर एसटीतून उतरून दोघी रानातल्या घरापर्यंत चालत आल्या. आबांनी, तिच्या वडिलांनी, प्लॅस्टरकडे बघितलं.

"जिन्यावरनं पडले," ती म्हणाली.

"पाय धुवा," एवढंच ते बोलले.

आई वारून आठ वर्षं झाली होती. घरात आबा, धाकटा भाऊ ऋषिराज आणि त्याची बायको श्रेया. ऋषिराज बारामतीच्या एमआयडीसीत पाळ्या करायचा. मागच्या अंगाला एक खोली होती, तिच्यात डाळिंबाच्या फवारणीची औषधं, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि रिकामी कॅरेटं असायची. आबांनी सामान एका भिंतीला सारलं, खाट टाकली आणि म्हणाले, "चार दिवस हितं भागव."

चार दिवसांचे दोन महिने झाले. प्लॅस्टर निघालं. पिशवी तशीच खाटेखाली राहिली. कपडे धुवायचे, वाळवायचे आणि परत पिशवीत घालायचे. कुणी विचारलं की आबा सांगायचे, "चार दिवस आलीय." विजयमाला आतून ऐकायची. औषधांचा वास उशीत मुरला होता. छकुलीला खोकला लागला, तो हटेना. तेव्हा तिनं आबांना म्हटलं, "बाटल्या शेडात ठेवता का? पोरीला सोसंना." पोरीचं नाव निघाल्यावर आबा नाही म्हणाले नाहीत. ऋषिराजनं सुट्टीच्या दिवशी सगळं हलवलं, चार कॅरेटं तेवढी राहिली.

रिकाम्या खोलीत उभं राहिल्यावर तिला काय झालं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं पदर खोचला आणि धुण्याच्या सोड्यानं भिंती घासायला घेतल्या. हिरवट ओघळ फरशीवर उतरले. तीन दिवस ती घासत होती. ऋषिराजच्या लग्नात घर रंगवलं होतं, त्यातला पिस्ता रंगाचा अर्धा डबा माळ्यावर सापडला. वर साय धरली होती, ती काढून तिनं पाणी घातलं. एक भिंत पुरी झाली, दुसरी खिडकीपर्यंत.

डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून झाडांवर पांढरं कापड घालतात. त्याचे फाटके तुकडे बांधावर पडलेले होते. तिनं ते धुऊन खिडकीचा पडदा शिवला आणि कडेला लाल लोकरीनं टाके घातले. कॅरेटं आडवी रचून त्यांत कपडे लावले. पिशवी झटकून घडी घातली. छकुलीनं काढलेली बैलगाडी, तिला एकच चाक होतं, पिठाच्या खळीनं भिंतीला चिकटवली.

लोणी भापकरला अकरा वर्षं ती नांदली होती. घर मोठं, पण दिनदर्शिका कुठं लावायची तेही सासू ठरवायची. एकदा तिनं आरशांचं तोरण शिवून दाराला लावलं होतं. नवऱ्यानं, दिग्विजयनं, ते काढून कोपऱ्यात टाकलं. "जत्रा लावलीयस का हितं?" म्हणाला. त्यानंतर तिनं काही शिवलं नव्हतं.

आता दुपारी काम आटपलं की ती नुसतीच खाटेवर बसायची आणि पडद्यातून येणाऱ्या उजेडाकडे बघायची.

घरात मात्र हवा बदलली होती. श्रेया आधी जेवायला हाक मारायची, आता ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. विजयमालेला वाटलं, दोन तोंडं वाढली म्हणून असेल. तिनं भाकरी, भांडी, गोठा, सगळंच अंगावर घेतलं. श्रेया तरी बोलेना.

शुक्रवारी आबा दारात येऊन उभे राहिले. आरशासाठी ती भिंतीत खिळा ठोकत होती.

"हे कशाला?"

"छकुलीला येणी घालायला आरसा लागतो."

आबांनी रंगाकडे, पडद्याकडे बघितलं. "तात्यांचा फोन आलता. रविवारी येत्यात. तुला न्यायला." तात्या म्हणजे तिचे सासरे, कुंडलिकराव. "त्यांनी ही खोली बघितली तर काय म्हणतील? बापानंच बिऱ्हाड थाटून दिलं म्हणतील. एवढं काढून ठेव रविवारपुरतं."

ती खिळा हातात धरून उभी राहिली. आबांचा चेहरा रागाचा नव्हता. एखाद्याला फार ओशाळल्यासारखं झालं की होतो, तसा होता. त्यामुळेच तिला नाही म्हणता आलं नाही. शनिवारी तिनं पडदा काढला, कॅरेटं बाहेर नेली, कपडे पिशवीत भरले. बैलगाडीचा कागद सोडवताना फाटला. छकुली बघत होती. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "जायचं का आपल्याला?"

"माहीत न्हाय."

रविवारी दहाला तात्या आले. एकटेच, पांढऱ्या कपड्यांत, केळीचा घड घेऊन. माणूस गोड बोलायचा. चहा झाला, यंदाच्या डाळिंबाचं झालं. मग आबांना म्हणाले, "भीमराव, पोराचं चुकलं. मी त्याला लई बोललो. आता सूनबाईचा मान ठेवायचा म्हणून आमी तिची खोली नवी केलीय." त्यांनी मोबाईल काढून पुढं धरला. गुलाबी भिंती, चकचकीत फरशी, छताला निळे दिवे, पलंगामागं गुलाबांचं मोठं चित्र, नवा दरवाजा.

श्रेया स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली. "छान केलीय की," ती म्हणाली.

आबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "बघ गं," ते म्हणाले.

विजयमालेनं फोन हातात घेतला. फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

"तात्या, आतनं कडी दिसत न्हाय."

"आं?"

"दाराला. बाहेरनं हाय. आतनं न्हाय."

"बसवू की. कडीचं काय एवढं?"

"दिवे बसवायचं ध्यानात आलं. कडीचं आलं न्हाय?"

तात्या थोडे चिडले. माणूस खोटारडा नव्हता, म्हणून पटकन बोलून गेले, "मुद्दामच न्हाय बसवली. दिग्विजय म्हणला, परत आत कोंडून घेतलं तर? मागल्या येळंला दार मोडावं लागलं का न्हाय?"

आबांनी लेकीकडे बघितलं.

"कुठलं दार?"

तिनं फोन तात्यांच्या हातात परत दिला. मग आबांकडे वळून ती बोलली. "मी छकुलीला घेऊन आतनं कडी लावली होती, आबा. छकुलीच्या बापानं लाथा घालून दार मोडलं. मग माझा हात पिरगाळला. मी जिन्यावरनं पडले न्हाय."

"नवरा-बायकोत व्हतं कवाकवा," तात्या म्हणाले. "झालं गेलं. भर पिशवी, सूनबाई."

पिशवी भरलेलीच होती. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून सगळ्यांना दिसेल अशी ती खाटेवर ठेवलेली होती. विजयमाला म्हणाली, "मी येत न्हाय."

तात्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते आबांकडे वळले. "भीमराव, तुमी सांगा."

आबा जमिनीकडे बघत होते. मांडीवरचा हात उगाच चोळत होते. मग म्हणाले, "पोरीनं सांगितलं की."

"म्हंजी?"

"तिनं सांगितलं. तेच."

तात्या उठले. चप्पल घालताना म्हणाले, "मंग पोरीचा शाळंचा दाखला मागायला आमच्या दारात येऊ नका." घड तिथंच राहिला.

आबा रानात गेले ते दुपारी जेवायलाही आले नाहीत. विजयमालेनं पडदा परत लावला नाही, नुसती बसून राहिली. संध्याकाळी श्रेया आत आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"ताई, ही खोली ह्यांनी मला कबूल केली होती. शिलाईसाठी. मशीन वर्षभर पुढच्या खोलीत चादरीखाली आहे."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"तुम्ही चार दिवस आला होता. मी काय सांगणार? आणि तुम्ही रंग द्यायला लागलात. कुणी मला विचारलं नाही." तिचे डोळे भरले होते. "हाताचं मला माहीत नव्हतं. पण खोलीचं मला वाईट वाटलं, ते वाटलंच."

"वाटणारच," विजयमाला म्हणाली. मग सरकून तिनं खाटेवर जागा केली. श्रेया बसली नाही, पण लगेच गेलीही नाही.

त्या आठवड्यात दोघींनी मशीन उचलून खिडकीपाशी आणलं. उजेड तिथंच होता, म्हणून खाट आणि कॅरेटं अंधाऱ्या भिंतीला गेली. पिस्ता रंगाची भिंत श्रेयाच्या पाठीशी आली. आता दुपारभर गावातल्या बायका ब्लाउज घेऊन येतात, विजयमालेच्या खाटेवर बसतात आणि तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारतात. ती काजं-बटणं करते आणि मान वर करत नाही. दोघी नणंद-भावजय आहेत, मैत्रिणी नाहीत. काही दिवस बरे जातात, काही नाही.

दिग्विजय एकदा गाडी घेऊन येऊन गेला. अंगणात मोठमोठ्यानं बोलला, पोरगी माझी आहे म्हणाला. आबा ओट्यावर बसून राहिले. उठले नाहीत, पाणीही विचारलं नाही. तो गेल्यावर ऋषिराजनं विजयमालेला इंदापूरला वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, वेळ लागेल.

गावातल्या शाळेतल्या बाईंनी दाखल्याचं आपण बघू म्हणून छकुलीला वर्गात बसवलं. अर्ज भरायला आबा गाडीवरून दोघींना घेऊन गेले. फाटकाबाहेरच थांबले. आत बाईंनी कायमचा पत्ता विचारला, तेव्हा विजयमालेनं निमगाव केतकी सांगितलं.

"मु. पो. निमगाव केतकी," बाई लिहीत म्हणाल्या. "घर कुणाच्या नावावर?"

"वडलांच्या."

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

त्यांनी गाडीला किक मारली. छकुली मध्ये बसली. विजयमाला मागं बसली आणि गाडी घराकडे निघाली.